माणगावचा घाडगे, इटलीच्या डोंगरात

आज मोंतोनेला जाऊन आलो. पेरूजा जिल्ह्यातलं टेकडीवरचं दगडी गाव, चढ असा की दम लागतो. तिथे आपल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या यशवंत घाडगे (सैन्यात नाईक हा हुद्दा) यांच्या नावाचं सूर्यघड्याळ आहे. 2023 मध्ये बसवलंय. वर लॅटिन ओळ: आपण सारे एकाच सूर्याखाली.

10 जुलै 1944. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मनांशी लढाई. ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यातल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तुकडीतले घाडगेंचे सगळे सोबती मशीनगनच्या माऱ्यात पडले. हा एकटा धावला. ग्रेनेड टाकून मशीनगन गप्प केली, एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून मारलं. मग लपलेल्या स्नायपरच्या गोळ्या लागल्या. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक. कबर सापडत नाही, नाव इटलीतल्याच कासिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे.

स्वतःचा देश पारतंत्र्यात आणि पोरगं इटली सोडवतंय! अभिमान वाटला, रागही आला, खोटं कशाला बोलू.

माणगावातही त्यांचा पुतळा आहे. गोवा हायवेच्या ट्रॅफिकमध्ये तिथे अडकतोच आपण, पुढच्या वेळी उतरून बघा.