एका वेळी एकच कच्ची भाषा

छंद म्हणून तीन-चार परकीय भाषा शिकणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा एकाच जागी अडते. स्पॅनिश सुरू करून दोन महिने होतात न होतात तोच इटालियनचं पुस्तक उघडलं जातं आणि दोन्ही भाषा एकमेकींत कालवल्या जातात. स्पॅनिशमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे गाढव, इटालियनमध्ये लोणी. ‘सालिर’ म्हणजे बाहेर पडणं, तर ‘सालीरे’ म्हणजे वर चढणं. एकीतला ‘ग्वार्दार’ जपून ठेवतो, दुसरीतला ‘ग्वार्दारे’ नुसतं पाहतो. दोन्ही शब्द अर्धवट पाठ असले की कुठला कोणाचा, हे ऐन बोलताना ठरवताच येत नाही.

म्हणून कच्ची भाषा एका वेळी एकच हवी. युरोप परिषदेच्या ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत. त्यातल्या बी१ला पोचल्याशिवाय, म्हणजे ओळखीच्या विषयावर आधी तयारी न करता बोलता येईपर्यंत, दुसरी हातात घेऊ नये. दोन सख्ख्या बहिणी असतील तर पहिली बी२पर्यंत नेलेली बरी. जर्मन आणि जपानी अशी दूरची जोडी त्या मानाने कमी त्रास देते. तरी एक गोष्ट तिथेही होते. तोंडात भलतंच येतं ते मराठीतून कमी, आधी शिकलेल्या परकीय भाषेतून जास्त. जर्मन बोलताना ‘पण’साठी ‘आबर’च्या जागी स्पॅनिशमधला ‘पेरो’ निघून जातो. नामं, क्रियापदं क्वचित घसरतात. घसरतात ते आणि, पण, कारण, म्हणून, अजून, नंतर हे बारके शब्द. त्यामुळे नव्या भाषेत असे पंचवीस-तीस शब्द पहिल्या महिन्यातच पक्के करावेत, सुटे नाहीत, वाक्यात बसवून.

आता पाया कशावर घालायचा? आपण सवयीने इंग्रजीवर घालतो, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. मराठीजवळ जे आयतं आहे ते इंग्रजीमार्गे गेल्यावर हरवतं. जर्मन ‘त्सेन’, म्हणजे दहा, या शब्दातला पहिला आवाज ‘चमचा’तला च आहे, ‘चहा’तला नव्हे. रशियन आणि जपानीतही तो आहे. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला तो येत नाही, आपण मात्र लहानपणापासून काढतो. इंडोनेशियनमध्ये ‘कीता’ म्हणजे आपण आणि ‘कामी’ म्हणजे आम्ही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. जपानीत ‘वाताशी-वा मिझु-ओ नोमु’ म्हणजे ‘मी पाणी पितो’, शब्दांचा क्रम तोच आणि प्रत्ययही शब्दाच्या मागे. ‘ताबेते मिरु’ तर शब्दशः ‘खाऊन पाहणं’. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत स्पॅनिशला सुमारे ६०० ते ७५० आणि जपानीला २२०० तास धरतात, पण तो हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे. जपानीची वाक्यरचना आपल्याला पुष्कळ सोपी जाते. लिपीचा वेळ मात्र वाचत नाही: हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमालांची प्रत्येकी ४६ अक्षरं, शिवाय नित्य वापराच्या कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चिन्हं, २१३६.

चिनीचं उदाहरण तर फार बोलकं आहे. तिच्या रोमन लिपीत जो ‘बी’ लिहितात तो ब नसून प आहे, आणि जो ‘पी’ लिहितात तो ‘फळ’मधला, ओठ मिटून काढलेला फ. तसंच त-थ आणि क-ख. रोमन अक्षरं बघून वाचणारा हा फरक वर्षभर चुकवत राहतो. मराठी कानाला तो एका बैठकीत कळतो. उलटी चूकही आपलीच. इंग्रजीतला ‘टी’ आपण ट म्हणतो, म्हणून स्पॅनिश-फ्रेंचमध्येही ट लावतो. तिथे स्वच्छ दंत्य त आहे.

पहिले तीन आठवडे आवाजांना द्यावेत. शब्द पाठ करायच्या कार्डावर देवनागरीत उच्चार लिहून ठेवायचा मोह टाळायला हवा. फ्रेंच ‘तु’तला स्वर ना उ आहे ना इ. ‘ई’ म्हणत राहा, जीभ न हलवता ओठ ‘ऊ’सारखे गोल करा, की तो निघतो. लिहिलेलं ‘तु’ वाचून तो कधीच निघणार नाही.

त्यानंतर कार्डं. अँकीसारखं उजळणीचं ॲप घ्या किंवा पाच कप्प्यांची पेटी, तत्त्व एकच: बरोबर आलं की कार्ड लांबच्या तारखेला, चुकलं की परत पहिल्या कप्प्यात. कार्डावर सुटा शब्द नको, पूर्ण वाक्य हवं, आणि त्यात अनोळखी गोष्ट एकच. मागे अर्थ मराठीत. रोज दहा नवी कार्डं पुरे. तेवढ्यानेही दीड-दोन महिन्यांत रोजची उजळणी सत्तर ते शंभरावर जाते. उत्साहात तीस घेणाऱ्यांचा ढीग तीनशेवर चढतो आणि छंद तिथेच संपतो. एखादं कार्ड पाच-सहा वेळा चुकलं तर दोष कार्डाचा. ते काढून त्याच शब्दाचं दुसरं वाक्य घाला.

बोलण्यासाठी मिनिटभराचा ध्वनिमुद्रित तुकडा घ्या. दोनदा नुसता ऐका, एकदा मजकूर समोर ठेवून ऐका, मग बोलणाऱ्याच्या अर्धा सेकंद मागे राहून सोबत म्हणा, पाच वेळा. शेवटचा प्रयत्न रेकॉर्ड करून मूळ तुकड्याशेजारी लावून ऐका. बहुतेकांचा उच्चार बरा असतो, हेल मात्र मराठीच राहतो, आणि ते ऐकल्याशिवाय पटत नाही.

पक्क्या झालेल्या भाषांना आठवड्यातून दोनदा वीस-तीस मिनिटांचं वाचन-ऐकणं पुरतं, आणि पंधरवड्यातून एकदा कुणाशी तरी बोलणं. बोलायच्या आधी अर्धा तास तीच भाषा कानावर पडू द्यावी, नाहीतर पहिली पंधरा मिनिटं जीभ उचलतच नाही. वर्षभर टाकलेली भाषा पुन्हा धरताना पहिल्या धड्यापासून सुरू करू नका. नवी कार्डं बंद ठेवा, रोजच्या उजळणीला पन्नासाची मर्यादा लावा आणि साचलेला ढीग उपसा. हजारभर कार्डं साचली असतील तर महिना-दीड महिना लागेल, आणि तेवढे दिवस दुसरी कुठलीही भाषा नव्याने काढायची नाही.