कार्डाची मागची बाजू

सुट्टीला घरी आलोय. काल रंकाळ्यावर आबांबरोबर भेळ खात बसलो होतो. आबा म्हणजे माझे चुलते. ऊसवाले, आयुष्यभर शेकापचे. मँचेस्टरमध्ये मी २०२४ ला मतदान केलं म्हटल्यावर ते उडालेच. भारतीय पासपोर्टवर? होय. राष्ट्रकुलातला माणूस तिथं कायदेशीर राहत असला की खासदार निवडू शकतो. कागदी मतपत्रिका आणि पेन्सिल.

"पेन्सिल? मग खोडरबर बी ठेवत्यात काय?"

तिथनं गाडी लेबर पार्टीवर आली. "कामगारांचा पक्ष न्हवं का त्यो?"

मला मँचेस्टरमधल्या आमच्या शेजारच्या आजोबांची आठवण झाली. निवृत्त बस ड्रायव्हर. त्यांनी एकदा पक्षाची दोन सभासद कार्डं दाखवली होती. दोन्हींच्या मागं पक्षाच्या घटनेतलं चौथं कलम छापलेलं. जुन्यावर १९१८ चं, १९२९ ला थोडं वाढवलेलं: उत्पादनाची, वितरणाची, विनिमयाची साधनं समाईक मालकीची. १९४५ ला सत्तेत आलेल्या अ‍ॅटलींनी खाणी, रेल्वे सरकारजमा केल्या त्या याच वाटेनं. १९५९ च्या पराभवानंतर पक्षनेते गेट्सकेल हे कलम बदलायला निघाले, पण पक्षातल्यांनीच हाणून पाडलं. १९९५ ला पक्षनेते टोनी ब्लेअरना जमलं. नव्या कार्डावर सुरुवातच अशी की लेबर हा लोकशाही समाजवादी पक्ष आहे. गंमत बघा, जुन्या कलमात 'समाजवाद' हा शब्दच नव्हता. मालकी गेली तेव्हा तो आला.

"समाईक मालकी म्हंजे आमच्या कारखान्यागत," आबा म्हणाले. "शेअर माझा, ऊस माझा, आन् बिलाची वाट बघणारा बी मीच."

ब्लेअरही साधारण हेच म्हणायचे, मी म्हटलं. मालक कोण हे सोडा, लोकांच्या पदरात काय पडतं ते बघा. आबांना ते रुचलं नाही. मग मी पीएफआय, म्हणजे प्रायव्हेट फायनान्स इनिशिएटिव्ह, समजावून सांगितलं: खासगी कंपनीनं पैसे घालून हॉस्पिटल बांधायचं, सरकारनं पंचवीस-तीस वर्षं हप्ते भरायचे. योजना १९९२ ची, तेव्हा सत्तेत असलेल्या हुजूर पक्षाची. पण ती जोरात पळवली लेबरनंच.

आबा सावरून बसले. एन. डी. पाटील सरांच्या मागं टोलविरोधात रस्त्यावर उतरलेला माणूस!

"म्हंजे टोलच की ह्यो. निस्ता नाका दिसत न्हाई."

आता लेबरच्याच स्टार्मरचं सरकार एकेक रेल्वे कंपनी परत ताब्यात घेतंय. २०२५ च्या मे महिन्यात पहिली घेतली.

"मग जुनं कलम परत आलं?"

नाही. कार्डावर अजून ब्लेअरचंच आहे.

आबांनी भेळेचा कागद चुरगाळला. "त्यो बसवाला कुठलं कार्ड खिशात ठेवतोय?"

कुठलंच नाही. इराक युद्धावरून २००३ ला त्यानं पक्ष सोडला. दोन्ही कार्डं रबर लावून ड्रॉवरात ठेवलीत.