ट्रेकच्या मुक्कामासाठी स्वस्त ताडपत्री: दुकान शेतीचं, हिशोब ग्रॅमचा

सह्याद्रीत एका रात्रीच्या मुक्कामाला तिघांच्या डोक्यावर छप्पर हवं असेल, तर कॅम्पिंगच्या चकचकीत दुकानात जायची गरज नाही. खतं-बियाणांचं दुकान, मार्केट यार्डाबाहेरचे ताडपत्रीवाले, पुण्यात बोहरी आळी, मुंबईत मस्जिद बंदर. हवं ते सगळं इथे मिळतं, आणि तेही मजबूत. महागड्या टार्पचं पॉलिएस्टर हलकं असतं हे खरं. पण त्याच्या आतला पीयूचा (पॉलियुरेथेनचा, पाणी अडवणारा) थर आपल्याकडच्या दमट हवेत दोन-चार पावसाळ्यांत चिकट होऊन सुटतो. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीला हा रोग नाही. तिचं वैरी ऊन.

बाजारात मुख्यतः दोन जाती दिसतात. पहिली विणलेली एचडीपीई (एक प्रकारचं पॉलिथिन), म्हणजे नेहमीची निळी ताडपत्री. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं विणकाम आणि दोन्ही बाजूंनी पातळ लॅमिनेशन. दुसरी सिल्पोलिनसारखी क्रॉस-लॅमिनेटेड शीट: विणकाम नाही, एकमेकांवर तिरपे चिकटवलेले थर. तिला भोक पडलं तर चीर सहजासहजी पुढे जात नाही. निळीची कड उसवली की पट्ट्या सुटत जातात, आणि घडीच्या रेषेवर लॅमिनेशन गेलं की तिथूनच पाणी झिरपतं. पैसे थोडे जास्त गेले तरी दुसरीच घ्यावी. आयएसआयचा शिक्का असेल तर विणलेलीवर आयएस ७९०३ आणि क्रॉस-लॅमिनेटेडवर आयएस १४६११ असा क्रमांक शोधा. ट्रकवर बांधतात ती कापडी ताडपत्री भिजली की उचलवत नाही, ती ट्रकवरच शोभते.

आता ग्रॅम. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, आणि दुकानदाराची थाप पकडायचं हेच हत्यार. ९ बाय १२ फुटांची शीट जवळजवळ बरोबर १० चौरस मीटर भरते, म्हणून हिशोब तोंडी होतो: ९० जीएसएम म्हणजे ९०० ग्रॅम, १२० म्हणजे १ किलो २०० ग्रॅम, २०० म्हणजे २ किलो. शीट काट्यावर ठेवायला सांगा. १२० सांगितली आणि काटा साडेआठशेवर थांबला, तर ती १२० नाही, विषय संपला. मग टेपने लांबी-रुंदी मोजा, कारण कडा दुमडल्यावर माप छापलेल्यापेक्षा थोडं कमी भरतं. शेवटी शीट उन्हासमोर धरा. टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर ती बाजूला ठेवा.

पाठीवर न्यायला ९० ते १२० जीएसएम पुरतं. ७० ची जमिनीवर अंथरायला चांगली, वाऱ्यात छप्पर म्हणून फार टिकत नाही. २०० ची गाडीने जाणाऱ्यांनी किंवा शेतावर कायम बांधणाऱ्यांनी घ्यावी. भाव विचारताना ‘किती रुपयांना’ एवढ्यावर थांबू नका, किमतीला वजनाने भागा. किलोमागचा दर काढला की स्वस्त वाटणारी शीट नुसतीच पातळ होती, हे बऱ्याचदा उघड होतं. खरेदी मार्च-एप्रिलमध्ये उरकावी. मे अखेरीस घरं, गोठे, कांदाचाळी झाकायला सगळा गाव त्याच दुकानात उभा असतो, तेव्हा घासाघीस कोण ऐकणार?

९ बाय १२ हे मापच का? १२ फुटांची बाजू कण्याच्या दोरीवर, म्हणजे दोन झाडांमध्ये ताणलेल्या मधल्या दोरीवर, टाकली की दोन्हीकडे साडेचार फुटांचे उतार मिळतात. खालची रुंदी ७ फूट ठेवली तर मधली उंची पावणेतीन फुटांच्या थोडी वर येते. रुंदी ६ फुटांवर आणली तर उंची सव्वातीन-साडेतीनच्या मध्ये. पावसाळ्यात पहिलं माप बरं, कमी उंचीला वारा कमी लागतो. सात फुटांत तिघं कण्याला समांतर झोपतात. बारा फुटांतले सहा माणसांचे, आणि दोन्ही टोकांचे तीन-तीन फूट पावसाला सोडून द्यायचे. झड आत येणारच, तिथे बूट आणि भांडी ठेवा. चौथा माणूस आला तर १२ बाय १५ घ्या. ९ बाय १२ मध्ये त्याला कोंबू नका.

अंथरायची शीट छपरापेक्षा लहानच हवी. तिची कड बाहेर डोकावली की वरचं पाणी तिच्यावर पडतं आणि थेट अंगाखाली येतं. निवडणुकीनंतर फुकट मिळणारा फ्लेक्स यासाठी चालतो, पण त्याचं वजन चौरस मीटरला साधारण ३०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ६ बाय ८ चा तुकडाही सव्वा किलोच्या वर. छपराला तो नकोच, घडीवर तडकतो.

दोरीत लोक हमखास कंजुषी करतात आणि रात्री तीन वाजता ती फेडतात. ३० फूट कण्याला, आणि चार कोपरे व दोन मधल्या कडा यांना प्रत्येकी ८ फूट, म्हणजे ४८. एकूण ७८ होतात, म्हणून १०० फूट घ्या: ५ मिमीची ४० आणि ३ मिमीची ६०. पिवळी-हिरवी प्लॅस्टिकची दोरी (पॉलिप्रॉपिलीन) सगळ्यात स्वस्त, पण गुळगुळीत, गाठ धरत नाही आणि उन्हात तिचा भुसा होतो. नायलॉन मजबूत, मात्र भिजली की ताणते. संध्याकाळी तबल्यासारखी वाजणारी ताडपत्री मध्यरात्री लोंबते ती यामुळे. पॉलिएस्टर दोरी मिळाली तर उत्तम. नाहीतर झोपण्याआधी एकदा उठून सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणा. सुतळी फक्त किरकोळ बांधणीला.

कण्याची दोरी एका झाडाला बोलाइनने, म्हणजे न आवळणाऱ्या फाशाच्या गाठीने, बांधा. दुसऱ्या बाजूला दोरीतच सुरगाठीचा एक फासा करा, टोक झाडाभोवती फिरवून त्या फाशातून ओढा आणि दोन अडके (अर्ध्या गाठी) मारा. ट्रकवाले माल आवळतात तीच ही गाठ. ताडपत्री दोरीच्या वरून टाका. मग ३ मिमी दोरीच्या दोन लहान प्रुसिक गाठी (कण्याभोवती वेढे देऊन केलेल्या, हाताने सरकणाऱ्या पण ताण आला की घट्ट बसणाऱ्या) कण्यावर घालून शीटची दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला खेचा, नाहीतर ती वाऱ्याबरोबर एका बाजूला गोळा होते. बारीक दोरी जाडीवर चावते, म्हणून दोन जाडीच्या दोऱ्या. पावसात झाडावरचं पाणी कण्याच्या दोरीवरून चालत आत येतं. शीटच्या अलीकडे दोरीला वीतभर सुती चिंधी बांधली की ते तिथेच गळून जातं.

कडेच्या ॲल्युमिनियमच्या रिंगांवर भरवसा नको, पहिल्या जोरदार झोतात त्या उपटून येतात. सुपारीएवढा गुळगुळीत गोटा शीटमध्ये गुंडाळा, त्याच्या मानेला दोरी आवळा. ही गाठ रिंगेपेक्षा जास्त ताण घेते आणि कडेला कुठेही मारता येते. पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब मागून घ्या, एकेक इंचाच्या रबरी कड्या कापा आणि प्रत्येक दोरीत एक घाला. झोत रबर खातं, ताडपत्री वाचते.

खुंट्या फॅब्रिकेशनवाल्याकडून: ६ मिमी सळईचे फूटभराचे तुकडे, वर आकडा वळवून. वाकवण्यात इंच-दोन इंच जातात. प्रत्येकी सुमारे ७० ग्रॅम, आठांचं वजन साडेपाचशेच्या आसपास. ८ मिमीची जवळजवळ दुप्पट भरते, ती कशाला वाहायची? खुंटी दोरीच्या उलट्या दिशेला झुकवून ठोका. पण गडमाथ्यावर आणि कोकणातल्या सड्यावर खाली कातळ असतो, तिथे सळईचा उपयोग शून्य. अशा वेळी वीतभर काठीला दोरीचा फासा घाला, काठी जमिनीवर आडवी ठेवा आणि तिच्यापुढे दोरीवर मोठा धोंडा रचा. काठी धोंड्यामागे अडकते, जितकं खेचाल तितकी घट्ट बसते. झाडंही नसतील तर पुण्यात बुरूड आळीतून चार फुटी बांबूचे दोन तुकडे घेऊन निघा. प्रत्येकाच्या डोक्यावरून दोन ताण, जमिनीशी ४५ अंशांत.

हत्यारांचा मोह आवरा. कुऱ्हाड नकोच. गाडीच्या कमानपाट्यापासून घडवलेला कोयता गावच्या लोहाराकडे उत्तम मिळतो, पण पुण्यातल्या कोयता गँगच्या प्रकारांनंतर तो सॅकला लावून एसटीत बसाल तर पोलिसांना उत्तरं देत बसाल. बागकामाच्या दुकानातली घडीची छाटणी-करवत हलकी आणि सुरक्षित. तिच्यासोबत एक साधी सुरी, बस. कळसूबाई-हरिश्चंद्रगड किंवा भीमाशंकर अभयारण्यात तर कारवीची काठीही तोडायची नाही, आणि वनखात्याच्या हद्दीत मुक्कामाची परवानगी आधीच विचारून ठेवायची. खोप उभारायची हौस स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेतावर भागवा. तिथे सिंधुदुर्गातला माणगा बांबू सर्वांत चांगला: सरळ, जवळजवळ भरीव, बिनकाट्यांचा. काथ्याने बांधा.

जागा निवडताना नाळ (डोंगरातली अरुंद घळ) आणि कोरडा ओढा टाळा, आणि वाळक्या फांद्या किंवा आग्या मोहोळ डोक्यावर नाही ना ते उजेडात बघून घ्या. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, म्हणून त्या बाजूची कड जमिनीला टेकवा आणि विरुद्ध बाजू थोडी उघडी ठेवा, नाहीतर श्वासाचं दव आतून ठिबकतं. परतीच्या पावसात विजा असतात, तेव्हा पठारावरच्या एकट्या झाडाला दोरी बांधू नका. छपराला कुठे पोट सुटलंय का तेही बघा. तीन फूट लांब-रुंद आणि मध्ये तीन इंच खोल डबक्यात ३० लिटरच्या आसपास पाणी साठतं, ३० किलोचा हा भार दोरी सोडून गाठच उपटतो. मधली दोरी ताणून उतार वाढवा, काठीने खालून ढोसू नका, भोक पडतं.

चूल छपराखाली नको. पॉलिथिन १३० अंशांच्या आसपास वितळतं आणि एक ठिणगी पुरते. भोक पडलंच तर फेविक्विक वाया घालवू नका, पॉलिथिनवर तो धरत नाही. जागा पुसून पूर्ण कोरडी करा, रुंद डक्ट टेपचे कोपरे गोल कापा, म्हणजे ते उचकटत नाहीत, आणि दोन्ही बाजूंनी लावा. घरी आल्यावर शीट सावलीत वाळवा, प्रत्येक वेळी घडी वेगळ्या रेषेवर घाला आणि पत्र्याच्या डब्यात ठेवा. माळ्यावर उघडी टाकली तर जूनपर्यंत उंदीर तिची जाळी करतात.