वणवा दिसला की वर पळू नका

डोंगरात आग दिसली की बऱ्याच जणांना आधी वर जावंसं वाटतं, म्हणजे धार गाठली की मोकळी हवा मिळेल, सगळं नीट दिसेल. अगदी साहजिक आहे, पण वणव्याच्या बाबतीत हेच जिवावर बेततं. चढावर आगीच्या ज्वाळा पुढच्या गवताला जवळ असतात, ते आधीच तापतं, वाळतं आणि भडकतं. उतार साधारण 10 अंशांनी वाढला की आगीचा वेग जवळपास दुप्पट होतो असं धरतात. आणि आपण? चढ वाढला की आपण उलट हळू होतो, त्यात पाठीवर सॅक.

1949 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मोंटानात मान गल्च नावाच्या घळीत हेच झालं. पॅराशूटने उतरून वणवे विझवणारी, तयारीची, तरुण माणसं होती ती. खालून आग आली, वाळलेल्या गवतातून ते वर पळाले आणि 13 जण गेले. त्यांचा फोरमन वॅगनर डॉज याने समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि जळून झालेल्या जागेत राखेत पालथा पडून राहिला, तो वाचला. आपण असं काही करायला जायचं नाही हां, पण त्यामागचं कारण लक्षात ठेवा: जिथे जळायला काही उरलेलंच नाही तिथे आग टिकत नाही. पूर्ण जळून गेलेला पट्टा, उघडा कातळ, दगडधोंड्यांचा मोठा उतार, रुंद नदीपात्र, अशा जागा चालतानाच हेरून ठेवायच्या. घळी आणि खिंडी मात्र टाळा, त्या धुराड्यासारखं काम करतात, धूर आणि गरम हवा तिथूनच वर ओढली जाते.

वाऱ्याचंही बघा. ऊन तापलं की वारा बहुतेक दरीतून वर वाहतो, रात्री खाली उतरतो. म्हणून वणव्याच्या दिवसांत पहाटे निघून दुपारच्या आत खाली आलेलं मला केव्हाही बरं वाटतं, मग शिखर राहिलं तरी राहू दे. खाली उतरायला दोन वेगळ्या वाटा नसतील तर तो ट्रेक पुढे ढकला, हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

निघण्याआधी नासाच्या फर्म्स नकाशावर आगीचे ठिपके बघता येतात, पण तो लाइव्ह नसतो, सॅटेलाइट वरून गेल्यावर काही तासांनी माहिती येते आणि ढगांखालची आग सुटूही शकते. त्यामुळे नकाशा कोरा दिसतोय म्हणजे सगळं ठीक असं नाही, जंगल खात्याने वाट बंद केली असेल तर विषयच संपला.

कपडे सुती किंवा लोकरीचे घाला, नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. धुराला एन-95 मास्क, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. ओला रुमाल बारीक कण अडवत नाही, त्याने नुसतं बरं वाटतं.

आणि लांब कुठेतरी धूर दिसला तरी आधी आडव्या किंवा उतरत्या वाटेने त्यापासून दूर व्हा, मग रेंज मिळाली की लगेच फोन करा. कोणीतरी केलाच असेल असं धरू नका. आग डोंगराच्या कुठल्या बाजूला आहे, धूर कुठे झुकतोय, वाटेवर आणखी माणसं दिसली का, एवढं सांगा.