सोळावा बार

(माजी विद्यार्थी, दहावी 'क')

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा वाटलं, चुकीचा नंबर लागला. मनोगतं डॉक्टर, इंजिनिअर, मोठे अधिकारी लिहितात. दहावी 'क'मधल्या शेवटून दुसऱ्या बाकावरच्या मुलाला कोण सांगतं? आणि मी रॅप करतो. समितीतल्या सरांनी हा शब्द दोनदा विचारून घेतला आणि म्हणाले, "म्हणजे गाणंच ना?" मी हो म्हणालो. एवढ्या लांबून तसंच दिसतं.

नववीत मराठीच्या बाईंनी वृत्तं शिकवली. निम्म्या वर्गाने 'यमाताराजभानसलगम्' परीक्षेपुरतं घोकलं आणि पेपर झाल्यावर सोडून दिलं. माझ्या शेजारचा मित्र कंपासपेटीवर ठेका धरायचा आणि मी त्यावर वर्गातल्यांच्या नावांना यमकं जुळवून बडबडायचो, हा आमचा ऑफ तासाचा कार्यक्रम. एकदा तो रंगात आला असताना बाई दारात उभ्या. मला फळ्यापाशी बोलावलं. म्हटलं, आता आडनावापासून सुरुवात होणार. बाई म्हणाल्या, "हेच उद्या भुजंगप्रयातात लिहून आण."

दुसऱ्या दिवशी मी एकच ओळ नेली: 'कुणाला कळेना कशाला निघालो'. बाईंनी लाल पेनाने प्रत्येक अक्षरावर खुणा केल्या. लघु, गुरू, गुरू. लघु, गुरू, गुरू. चार य गण, बारा अक्षरं, वीस मात्रा. खाली शेरा होता, 'वृत्त बरोबर. कशाला निघालास ते पुढच्या ओळीत लिही.' ती वही अजून माझ्याकडे आहे. पुढची ओळ मात्र त्या वहीत नाही.

आता थोडं गणित, कारण माझा सगळा धंदा त्यावर उभा आहे. रॅपमध्ये एका कडव्याचे साधारण सोळा बार धरतात. एका बारमध्ये चार ठोके, आणि प्रत्येक ठोक्याचे चार तुकडे केले तर सोळा घरं. भुजंगप्रयातात एक गण पाच मात्रांचा. एका मात्रेला एक घर दिलं की पाचाचा गण चाराच्या ठेक्यावर कधीच नीट बसत नाही, दर वेळी एका घराने पुढे सरकतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा आता पडणार. पण चार ओळींच्या मात्रा होतात ऐंशी, आणि पाच बारची घरंही ऐंशीच. म्हणजे अख्खा श्लोक पाच बारच्या शेवटच्या घरात येऊन बरोबर जमिनीवर उतरतो. समर्थांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. लहानपणी ते म्हणताना आपण टाळ्या वाजवायचो, त्या टाळ्यांऐवजी ड्रम लावून पाहा. हे मला सापडलं तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि सांगायला कुणी नव्हतं. मित्राला फोन केला. तो म्हणाला, "झोप."

तीन श्लोकांचे पंधरा बार झाले. सोळावा उरतो. या सोळाव्या बाराने माझी जी वाट लावली, ते पुढे सांगतो.

त्याआधी एक गंमत, खास शाळेच्या अंकासाठी. हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३चा मानतात. न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्स भागात, १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली. कशासाठी? शाळा सुरू होणार होती आणि नवे कपडे घ्यायला पैसे जमवायचे होते. तिकडे तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क, रेकॉर्ड लावत होता. गाण्यातला फक्त ढोलाचा तुकडा सुरू झाला की लोक जास्त नाचतात, हे त्याने हेरलं होतं. म्हणून त्याच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून तो तुकडा लांबवत न्यायचा. २०२३ मध्ये त्या रात्रीला पन्नास वर्षं झाली. म्हणजे आपली शाळा आणि हिप-हॉप जवळजवळ एकाच वयाचे. आम्हाला तासाला बाक बडवल्याबद्दल बाहेर उभं करणाऱ्या सरांना हे कळायला हवं होतं.

कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. त्याबद्दल घरात जे व्हायचं ते झालं, ते इथे लिहीत नाही. बाबा त्यानंतर माझ्याशी आईमार्फत बोलायला लागले. "त्याला विचार, किल्ली घेतली का." मी समोरच बसलेला असायचो.

जुना कंडेन्सर माइक घेतला. पहिल्या संध्याकाळी आवाजच येईना. माइक बिघडलेला दिला म्हणून विकणाऱ्याशी फोनवर भांडलो. त्याने शांतपणे विचारलं, "अठ्ठेचाळीस व्होल्टचं बटण दाबलंय का?" कंडेन्सर माइकला ती वीज बाहेरून द्यावी लागते, हे मला माहीतच नव्हतं. बटण दाबलं. मग पंख्याचा, फ्रिजचा, खालच्या कुत्र्याचा, सगळ्यांचाच आवाज यायला लागला. म्हणून कपड्यांचं कपाट. दोन्ही बाजूंना टांगलेले कोट आणि साड्या, मागे उभी केलेली गादी, पंखा बंद, मोबाइलच्या उजेडात वही. एक टेक झाला की शर्ट पिळायचा. प, फ, ब, भ हे बाईंचे ओष्ठ्य वर्ण माइकवर धपाधप आपटायचे ('म' तेवढा सभ्य). त्यावर उपाय म्हणून आईच्या भरतकामाच्या रिंगवर जुना पातळ पायमोजा ताणून माइकपुढे बांधला. आईने रिंग परत मागितली नाही. बाबांना कपाटातून शर्ट हवा असला की ते आधी दार वाजवायचे. दारावर का होईना, संवाद सुरू झाला होता.

पहिलं गाणं मी इंटरनेटवरून घेतलेल्या 'फ्री' बीटवर, म्हणजे शब्दांखाली वाजणाऱ्या तयार संगीतावर केलं. फ्री या शब्दाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की कमाई करायची नसेल तरच फुकट. मी तेवढं वाचलं नाही. गाणं बऱ्यापैकी ऐकलं जायला लागलं, मी सगळीकडे चढवलं आणि एका सकाळी हक्काचा दावा येऊन ते खाली उतरलं. यात बीट करणाऱ्याची काडीची चूक नव्हती. त्याची मेहनत, त्याचा हक्क. वाईट वाटलं ते खालच्या प्रतिक्रियांचं. गाण्याबरोबर त्याही गेल्या, आणि त्यातली एक माझ्या धाकट्या बहिणीने खोट्या नावाने लिहिली होती हे मला नंतर कळलं.

स्वतंत्र कलाकार म्हटलं की लोक अमेरिकेतल्या चान्स द रॅपरचं उदाहरण देतात. २०१७ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं, कंपनीशी करार नसताना आणि तेही फक्त स्ट्रीमिंगवर असलेल्या अल्बमसाठी. उदाहरण खरं आहे. पण त्याच अल्बमच्या दोन आठवड्यांच्या एकाधिकारापोटी अ‍ॅपलकडून पाच लाख डॉलर मिळाले, हे त्याने स्वतःच त्या वर्षी सांगितलं होतं, ते कुणी सांगत नाही. आम्हा बाकीच्यांसाठी स्वतंत्र याचा अर्थ इतकाच, की लिहिणं, म्हणणं, मिक्सिंग, कव्हरचं चित्र, प्रत्येक रेकॉर्डिंगची ओळख असलेला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक फॉर्मात भरणं आणि कार्यक्रमाच्या आयोजकाला पैशांची आठवण करणं, ही सगळी माणसं एकाच शर्टात. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं तरच मोजलं जातं. २०२४ पासून तर मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नसेल तर त्याचा वाटाच मिळत नाही. माझी चार गाणी हजाराच्या अलीकडे आहेत. त्यांतलं एक मला सगळ्यांत आवडतं.

पोटासाठी कॉल सेंटरची रात्रपाळी धरली. रात्री आठ तास अनोळखी माणसांशी गोड बोलायचं, सकाळी कपाटात शिरून ओरडायचं. आणि इथे तो सोळावा बार येतो.

मी तो भरायचो. रिकामा बार म्हणजे पैसे देऊन घेतलेली जागा मोकळी सोडण्यासारखं वाटायचं. तीन श्लोक संपले की लगेच त्यात आणखी शब्द कोंबायचे आणि तिथूनच पुढचं कडवं उचलायचं. श्वास? रेकॉर्डिंगमध्ये त्याची गरजच पडत नाही. एक ओळ म्हणायची, थांबायचं, पाणी प्यायचं, पुढची ओळ तिथून जोडायची. याला पंच-इन म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, काय फुप्फुसं आहेत याची! पहिल्यांदा मंचावर उभा राहिलो तेव्हा त्या फुप्फुसांचा हिशेब झाला. नव्वदच्या लयीत, म्हणजे मिनिटाला नव्वद ठोके धरले तर, सोळा बार म्हणजे साधारण ४३ सेकंद. अकराव्या बारला डोळ्यांपुढे काजवे. बाराव्याला मी माइक प्रेक्षकांकडे धरला, जणू त्यांना शब्द येत होते. पहिल्या रांगेतल्या एका मुलाने नम्रपणे "हॅलो" म्हटलं.

बाईंनी यती शिकवली होती. ओळ म्हणताना जिथे थांबायचं ती जागा, आणि ती शब्दाच्या मध्ये आली तर यतिभंग. दोन मार्कांचा प्रश्न होता. मला दोन्ही मिळाले होते.

मंचावरच्या त्या फजितीनंतर मी श्वास घ्यायला शिकलो असेन असं तुम्हाला वाटेल. मी आणखी जोरात म्हणायला लागलो. वर्षभराने आवाज फाटला. आधी सकाळी फाटायचा, मग दिवसभर. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून पडद्यावर दाखवलं: दोन स्वरतंतू, आणि दोन्हींवर समोरासमोर एकेक गाठ, जिथे ते बोलताना सगळ्यात जास्त आपटतात तिथेच. शस्त्रक्रिया नको म्हणाले. दोन आठवडे एक शब्द नाही, मग आवाजाचे व्यायाम. मी कुजबुजत विचारलं, "कुजबुजलं तर चालेल?" म्हणाले, "तेही नको."

याच काळात एका कंपनीचा कागद माझ्या अंगावर होता. आगाऊ रक्कम घेऊन मी सही केलेली. गाण्याचे हक्क दोन तऱ्हेचे असतात: एक शब्द आणि चाल यांचा, दुसरा त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा, ज्याला मास्टर म्हणतात. मी मास्टर देऊन बसलो होतो, आणि आगाऊ रक्कम माझ्याच वाट्यातून फिटल्याशिवाय पुढचं काही मिळणार नव्हतं. कंपनीने गाणी काढली नाहीत आणि परतही केली नाहीत. मुदत संपेपर्यंत ती तशीच पडून राहिली. वकिलाला दाखवायला हवा होता तो कागद मी मित्राला दाखवला होता, तोच कंपासपेटीवाला. तो म्हणाला होता, "लोगो भारी आहे."

तर आवाज नाही, गाणी नाहीत, आणि रात्रपाळीही गेली, कारण मुका माणूस फोनवर काय करणार. घरी एक चतकोर वही घेतली आणि लिहून बोलायला लागलो. 'पाणी.' 'दार उघडं आहे.' 'बरं वाटतंय.' तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाबा समोर येऊन बसले, वही ओढून घेतली आणि त्यांनीही लिहिलं. त्यांचा घसा ठणठणीत होता. तरी लिहिलं. 'तुझं ते गाणं ऐकलं. यात श्वास कधी घेतोस?'

मी लिहिलं, 'घेत नाही. जोडतो.'

ते बराच वेळ त्या शब्दांकडे बघत बसले. मग खाली लिहिलं, 'मग माणूस म्हणतोय असं कसं वाटणार?' आणि वही माझ्याकडे सरकवून आत गेले. त्या दोन आठवड्यांत आम्ही सत्तावीस पानं बोललो. सगळी गोड नाहीत. एका पानावर त्यांनी फक्त 'कॉलेज' असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात, आणि पुढचं पान मी फाडलेलं आहे.

आवाज सावकाश आला. व्यायाम म्हणजे नळीतून पाण्यात बुडबुडे काढत सूर धरायचा. तासन्‌तास नाही, थोडा थोडा, दिवसातून अनेकदा. पूर्वीचा खरखरीत जोर गेला आहे. काही ऐकणाऱ्यांना तोच आवडायचा, ते तसं कळवतात. मीही कधी कधी जुनी रेकॉर्डिंग ऐकतो आणि मला त्या मुलाचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. पण आता कडवं आधी उभं राहून एका दमात म्हणून बघतो, मगच कपाटात शिरतो. पंधरा बार शब्दांचे. सोळावा मोकळा.

समितीने महोत्सवात मला चार मिनिटं दिली आहेत. नव्वदच्या लयीत त्याचे बरोबर ९० बार होतात. सरांनी "जास्त लांबवू नका" असं बजावलंय, म्हणून मोजले. ठेका कंपासपेटीवाला मित्रच धरणार आहे. तो आता बॅंकेत असतो आणि सुट्टी मंजूर झालीय. बाईंना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्या येणार आहेत. फोनवर त्यांनी एकच विचारलं, "शब्द कळतील ना रे? का नुसताच धावणार आहेस?" आणि मग, फोन ठेवता ठेवता, "त्या ओळीच्या पुढे काही लिहिलंस का?"

लिहिलंय. ते तिथेच ऐका.

आणि एक विनंती. दर सोळाव्या बारला मी गप्प होईन. अडीच-पावणेतीन सेकंद फक्त कंपासपेटी ऐकू येईल. माइक बिघडला असं समजून कुणी साउंडवाल्याकडे धावू नका. अठ्ठेचाळीस व्होल्टचं बटण मी दाबलेलं असेल.