गुऱ्हाळावरचा पीओई बॉक्स ऑटो मोडला टाकला त्याची गोष्ट

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं दुकान आहे, यूपीएस, सीसीटीव्ही, कंट्रोल पॅनल असलं सगळं रिपेअर करतो. मागच्या सीझनला प्रयाग चिखलीतल्या एका आण्णांच्या गुऱ्हाळावर चार कॅमेरे बसवले. एक गेटवर, एक वजनकाट्यावर, एक काहिलीवर आणि चौथा फिरणारा पीटीझेड. आण्णांकडं नेटवर्कचा स्विच होता पण साधा, पीओई नसलेला (पीओई म्हणजे नेटवर्कच्या केबलमधनंच यंत्राला पॉवर देणं), आणि ते म्हणाले नवीन घेणार नाही, तूच कायतरी कर. मग स्विच आणि कॅमेऱ्यांच्या मधे बसणारा पॉवर बॉक्स मीच बनवला. माझ्याकडं अशी पॉवर सोडणाऱ्या एलटीसी ४२६६ चिपचा चार पोर्टचा बोर्ड पडून होता. कॅमेरे १०० एमबीपीएसचे, त्यामुळे केबलमधल्या ४-५ आणि ७-८ या जोड्या मोकळ्याच असतात, पॉवर त्यातनं सोडली, डेटाच्या तारांना हात लावायची गरजच पडली नाही.

पहिल्यांदा केलं ते असं, की बाजूला एक छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारी बारकी चिप, बसवला, तो चालू झाला की आय-टू-सीवरनं (चिपांनी एकमेकींशी बोलायच्या तारा) पॉवरच्या चिपला सांगणार कुठला पोर्ट चालू करायचा, किती पॉवर द्यायची वगैरे. दुकानात टेबलावर झकास चाललं. गुऱ्हाळावर आठ दिवस चाललं आणि मग फोन. "आरं, लाईट जाऊन आली, कॅमेरे आलंच न्हाईत." गेलो, बॉक्स बंद करून चालू केला, आले. दोन दिवसांनी परत तेच. तिसऱ्यांदा रात्री साडेअकराला बोलावलं तेव्हा मी गाडीवर जाताना स्वतःलाच शिव्या दिल्या.

कारण अगदी फालतू होतं. लाईट झपकन जाऊन आली की माझा मायक्रोकंट्रोलर चिपच्या आधी जागा व्हायचा, हुकूम सोडायचा, चिप अजून रिसेटमध्येच, उत्तर नाही, आणि माझ्या कोडमध्ये परत विचारायची सोयच नव्हती. सगळे पोर्ट बंदच राहायचे. कोड दुरुस्त करता आला असता, पण माझं मत असं झालं की ज्या गावात दिवसातनं पाचदा लाईट झपकते तिथं कॅमेऱ्याला नुसती पॉवर द्यायला प्रोग्रॅम मधे कशाला पायजे. या चिपला ऑटो नावाची पिनच दिलेली आहे, ती हाय ठेवली, म्हणजे ३.३ व्होल्टला जोडली, की चिप स्वतःच बघते, स्वतःच ठरवते, वर कुणी साहेब लागत नाही.

ती काय बघते ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आधी १० व्होल्टच्या आतलं बारीक व्होल्टेज सोडून समोर साधारण २५ किलोओहमचा रेझिस्टन्स आहे का ते तपासते. असला तर समोर खरंच पीओईचं यंत्र आहे. मग १५ ते २० व्होल्टच्या दरम्यान क्लास विचारते, म्हणजे तुझी भूक किती. क्लास ३ असेल तर पोर्टवर १५.४ वॅट, क्लास ४ असेल तर ३० वॅट. आणि मगच पूर्ण पॉवर. केबल उपसली की अर्ध्या सेकंदाच्या आत पॉवर बंद. आमच्या पोराला मी त्याचा लॅपटॉप लावून दाखवला, तो डोळे मिटून उभा होता, काय झालं नाही, कारण लॅपटॉपमध्ये तो २५ किलोओहम नाहीच. बाजारात ते स्वस्तातले पॅसिव्ह इंजेक्टर मिळतात ते असं काही विचारत नाहीत, थेट पॉवर कोंबतात, त्यांच्या नादी लागू नका.

आता माझी फजिती. मायक्रोकंट्रोलर काढला, ३.३ व्होल्टला वेगळा अडॅप्टर घेतला, आणि आयुष्यभराच्या सवयीनं काळी वायर काळ्या वायरला जोडली, म्हणजे अडॅप्टरचा ग्राउंड मेन सप्लायच्या मायनसला. स्विच टाकला, फट्ट, फ्यूज गेला. दुसरा घातला, तोही गेला. मग चहा पीत चिपचं माहितीपत्रक, म्हणजे डेटाशीट, नीट वाचली. या चिपचा ग्राउंड म्हणजे सप्लायचा प्लस! टेलिफोनवाल्यांचं जसं मायनस ४८ असतं तसंच, मोठं व्होल्टेज ग्राउंडच्या खाली लोंबकळतं आणि ३.३ व्होल्ट त्याच ग्राउंडच्या वर बसतं. दोन्ही ग्राउंड बोर्डावर जोडलेलेच होते, म्हणजे मी सरळ सप्लायचे प्लस-मायनस एकमेकांना चिकटवले होते. चिप वाचली ही अंबाबाईची कृपा. त्या दिवसापासून त्या सप्लायच्या काळ्या वायरला लाल टेप गुंडाळलाय, बघणारा येडा म्हणतो.

ते निस्तरलं, मग बोर्ड चालूच ठेवून ऑटो पिनला बारीक तार सोल्डर करून ३.३ ला नेली, आणि वाट बघत बसलो. काही नाही. दुपार गेली त्यात. कारण चिप ती पिन फक्त रिसेटमधून बाहेर येताना वाचते, चालू असताना तुम्ही काय केलंत त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. पॉवर बंद करून चालू केली आणि चारही पोर्ट एकेक करून आले, मी एकटाच दुकानात हसलो. मिड नावाची पिन पण हाय करायची असते, बॉक्स स्विच आणि कॅमेऱ्याच्या मधे बसतोय म्हणून. ती केली की पोर्टला समोर काही सापडलं नाही तर निदान दोन सेकंद थांबून परत बघतो, म्हणजे खुद्द स्विचच पीओईचा असला तर दोघांची भांडणं नकोत. या दोन सेकंदामुळे केबल लावल्यावर जरा उशीर होतो, घाबरून लगेच उपसू नका.

बॉक्स परत गुऱ्हाळावर नेला. आण्णा म्हणाले, खाली लावू नको, आणि भिंतीवरची २०१९ च्या पुराची खूण दाखवली, माझ्या डोक्याच्या वर. शिडी लावून वाश्याजवळ बसवला. दिवसभर मस्त. संध्याकाळी सातला फोन, "पीटीझेडला भूत लागलंय, सारखा गरागरा फिरतोय, मधेच सगळं बंद पडतंय."

हे कळायला दोन संध्याकाळी लागल्या. या चिपला पोर्टचं व्होल्टेज आणि करंट मोजता येतं, ऑटोमध्ये असली तरी आय-टू-सीवरनं वाचता येतं, म्हणून तेवढं कनेक्टर मी ठेवलं होतं. लॅपटॉप चार्जर काढून लावला आणि शिडीवर बसून आकडे बघत राहिलो, खाली चुलवाणाचा धूर, गुळव्या वर बघून हसतोय. दिवसा चारही कॅमेरे मिळून २० वॅटच्या आत. अंधार पडला, कॅमेऱ्यांचे अंधारात बघायचे आयआर एलईडी दिवे पेटले, आकडा दुप्पट झाला, आणि पीटीझेडची मोटर फिरली की पन्नासला टेकला. माझा सप्लाय भंगारातनं उचललेला, ४८ वॅटचा. तो ओव्हरलोड होऊन बसायचा, परत उठायचा, कॅमेरे नव्यानं चालू व्हायचे, पीटीझेड चालू होताना एक गिरकी घेतोच, परत बसायचा. तेच ते भूत.

इथं ऑटो मोडचा खरा खड्डा आहे. चिप प्रत्येक पोर्टची भूक बघते, पण मागं कोठारात किती आहे ते तिला माहीतच नसतं. मायक्रोकंट्रोलर असता तर त्याला सांगता आलं असतं, की कमी पडलं तर वजनकाटा राहू दे आणि पीटीझेड तोड. साहेब काढून टाकला म्हटल्यावर तो हिशोब आपण आधीच करायचा, आणि क्लासवरनं करायचा, दिवसा मोजलेल्या आकड्यावरनं नाही. तीन क्लास ३ चे ४६.२ आणि पीटीझेडचे ३०, झाले ७६.२ वॅट. मी १२० चा घेतला, उद्या आण्णांनी चारही पीटीझेड लावले तरी चार गुणिले तीस पुरायला पायजे. आणि घेतला ५४ व्होल्टचा, कारण ३० वॅटच्या पोर्टला किमान ५० व्होल्ट लागतात, ४८ वर १५ वॅटवाले चालतात फक्त. केबल पण बदलली पीटीझेडची, आधीची तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची होती, माझ्याच दुकानातली, काय बोलणार. चांगल्या तांब्याच्या १०० मीटर केबलमध्येसुद्धा ३० मधले साडेचार वॅट जातातच.

त्यानंतर तीन आठवडे फोन नाही. मीच एकदा न राहवून गेलो, रेकॉर्डरचा लॉग बघितला, एका रात्रीत सहादा लाईट गेली होती आणि सहाही वेळा चारही कॅमेरे आपणहून आले होते. आण्णांना पत्ताच नव्हता. त्यांनी गरम काकवी दिली आणि म्हणाले, "आता चिपाडाच्या गंजीवर अजून एक लावूया." पोर्ट चारच आहेत आण्णा, म्हटलं.