कॉम शे स्वा : एका घराने चालवलेले स्वयंपाकघर

ब्रुसेल्सच्या मिदी रेल्वे स्थानकाकडून शहराच्या मध्यभागाकडे निघाले की थोड्या अंतरावर प्लास रूप नावाचा चौक लागतो. या चौकात 1936 पासून ‘कॉम शे स्वा’ नावाचे उपाहारगृह उभे आहे. त्याची सुरुवात त्याच शहरात, पण दुसऱ्या जागी, 1926 मध्ये जॉर्ज क्यूव्हेलिये यांनी केली होती. तुमच्याकडे जेवताना आपल्याच घरी जेवल्यासारखे वाटते, असे एक नेहमीचा गिऱ्हाईक म्हणत असे आणि त्या बोलण्यावरूनच हे नाव पडले, असे सांगतात. क्यूव्हेलिये यांच्यानंतर त्यांचे जावई लुई विनांट्स, मग लुई यांचा मुलगा पियेर आणि पियेर यांच्यानंतर त्यांचे जावई लिओनेल रिगोले अशा चार पिढ्यांनी हे स्वयंपाकघर चालवले. या चौघांपैकी पियेर विनांट्स यांच्या कारकिर्दीविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण आचारी आणि उपाहारगृहाचा मालक या दोन्ही भूमिका एकाच माणसाने आयुष्यभर कशा निभावाव्यात, याचे इतके स्पष्ट उदाहरण माझ्या वाचनात दुसरे आलेले नाही.

ठाण्यात नौपाड्यात सासूबाईंनी सुरू केलेले एक लहान उपाहारगृह मी चालवते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मुलामुलींना नामवंत शेफ म्हटले की दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धा आठवतात. रोज काहीतरी नवे, कोणी न पाहिलेले आणि चटकन टाळ्या मिळवणारे करून दाखवणे म्हणजेच या व्यवसायातले यश, असे त्यांना मनापासून वाटते. त्यांना मी पियेर विनांट्स यांच्याबद्दल सांगते. बेल्जियन खाणे म्हटले की ठाण्यात मॉलमधले वॉफल आणि वाढदिवसाला भेट म्हणून आलेली चॉकलेटे यांच्यापलीकडे कोणाचा विचार जात नाही, म्हणून सुरुवात थोडी मागून करावी लागते.

बेल्जियममध्ये डच बोलणारा फ्लँडर्स आणि फ्रेंच बोलणारा वालोनी असे दोन मोठे प्रदेश आहेत आणि राजधानीत दोन्ही भाषा चालतात. तिथल्या पानात फ्रेंचांची नजाकत आणि जर्मनांचा सढळ हात असतो, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. गेंट शहराचे वॉटरझोई म्हणजे मासे किंवा कोंबडी भाज्यांबरोबर शिजवून मलई आणि अंड्याच्या पिवळ्या बलकाने दाट केलेला रस्सा. फ्लँडर्समध्ये गोमांस बिअरमध्ये तासन्तास मंद आचेवर शिजवतात आणि दाटपणासाठी वरून मोहरीची चटणी लावलेला पाव त्यात सोडतात. बटाट्याचे तळलेले काप दोनदा तळायचे असतात: आधी कमी तापलेल्या चरबीत आतून शिजेपर्यंत, मग थोडे निववून जास्त तापलेल्या चरबीत कुरकुरीत होईपर्यंत. अंधारात वाढवल्यामुळे पांढरी राहणारी शिकॉन ही किंचित कडवट भाजी, शिंपल्यांची पातेली, उत्तर समुद्रातली बारीक करडी कोळंबी, शेकडो प्रकारची बिअर, हे सगळे मुळात घरातले आणि रस्त्यावरचे खाणे आहे. 2016 मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्याआधी 2013 मध्ये ऑस्टडाउनकेर्केच्या किनाऱ्यावर धिप्पाड घोड्यांवर बसून, छातीभर पाण्यातून जाळे ओढत कोळंबी पकडण्याच्या पद्धतीलाही तो मान मिळाला होता.

असे घरगुती खाणे उंची उपाहारगृहाच्या टेबलावर न्यायचे, तर शेजारच्या फ्रान्सची सावली टाळता येत नाही. पियेर विनांट्स यांनी ती टाळली नाही, उलट तिच्यात उभे राहून शिक्षण घेतले. त्यांचा जन्म 1939 चा. ब्रुसेल्समध्ये उमेदवारी केल्यानंतर ते पॅरिसला गेले आणि तिथे ‘ल ग्राँ व्हेफूर’ आणि ‘ला तूर दार्जां’ या त्या काळातल्या अव्वल स्वयंपाकघरांमध्ये त्यांनी काम केले. पॅरिसमध्ये राहून नाव कमावण्याचा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा असावा, असे मला वाटते. पण ते परत आले आणि वडिलांच्या हाताखाली उभे राहिले. लुई विनांट्स यांच्या काळात या घराला, उत्तम उपाहारगृहांना एक ते तीन तारे देणाऱ्या मिशलिन मार्गदर्शिकेचा पहिला तारा 1953 मध्ये आणि दुसरा 1966 मध्ये मिळालेला होता. म्हणजे मुलाच्या हाती आले ते नामांकित घर होते, आणि नामांकित घर हाती घेणे हे नवे उघडण्यापेक्षा अवघड असते. नव्या जागेत आलेल्या माणसाला तुलना करायला काही नसते. जुन्या जागेत प्रत्येक गिऱ्हाईक मनातल्या मनात ‘आधी कसे होते’ हे ताडून पाहत असतो.

पियेर यांनी सत्तरच्या दशकात सूत्रे हाती घेतली आणि 1979 मध्ये तिसरा तारा आला. विशेष प्रवास करून जावे असे ठिकाण, असा तीन ताऱ्यांचा अर्थ मार्गदर्शिकेत दिलेला असतो. फ्रान्सबाहेर हा मान सर्वांत आधी ब्रुसेल्समधल्याच ‘व्हिला लोरेन’ला 1972 मध्ये मिळाला होता, म्हणजे शहराला तो नवा नव्हता. नवलाची गोष्ट पुढची आहे. कॉम शे स्वाने हे तीन तारे 2006 पर्यंत, सत्तावीस वर्षे, टिकवले. तारा आचाऱ्याला दिला जात नाही, उपाहारगृहाला दिला जातो, आणि तो दरवर्षी नव्याने द्यायचा की नाही हे ठरते. निरीक्षक ओळख न देता येतात, जेवतात, पैसे देऊन जातात. म्हणजे सत्तावीस वर्षे कोणत्याही दिवशी, कोणत्याही टेबलावर बसलेला अनोळखी माणूस परीक्षक असू शकतो, असे धरून रोज चूल पेटवायची.

ही सगळी वर्षे ज्या पदार्थाने हे घर ओळखले गेले, तो पियेर यांचा नव्हताच. सोल या चपट्या माशाचे काप, रिस्लिंग या पांढऱ्या वाइनची मूसलीन (म्हणजे एक दाट, हलका रस) आणि करडी कोळंबी हा पदार्थ त्यांच्या वडिलांच्या काळापासूनचा. मुलाने तो यादीतून काढला नाही, त्याच्यावर आपली सही करण्यासाठी तो ओळखू येणार नाही इतका बदललाही नाही. त्याने स्वतःचे पुष्कळ पदार्थ केले, पण वडिलांचा पदार्थ त्यांच्याबरोबरीने मानाने ठेवला. मला या कारकिर्दीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते, आणि ती का मोठी आहे हे कळण्यासाठी तो रस कसा बनतो हे पाहायला हवे.

अशा रसाची सुरुवात माशाच्या काट्यांपासून होते. काटे, लहान कांदे आणि पांढरी वाइन यांचा अर्क काढून तो आटवतात. अंड्याचा पिवळा बलक मंद आचेवर थोड्या पातळ द्रवाबरोबर सतत फेटत फुलवायचा, त्यात लोणी थोडे थोडे मिसळायचे, आटवलेला अर्क घालायचा आणि शेवटी फेटलेली मलई हलक्या हाताने मिसळायची. मलई आली की त्या रसाला मूसलीन म्हणतात. बलक साधारण पासष्ट अंशांच्या आसपास दाट होऊ लागतो आणि फार तापला की त्याच्या गुठळ्या होतात, त्यामुळे आचाऱ्याकडे चुकायला जागा अगदी थोडी असते. आपल्याकडे कालवणात नारळाचे जाड दूध घातल्यावर उकळी येऊ देत नाहीत, तशीच ही सावधगिरी, पण इथे ती प्रत्येक ताटासाठी वेगळी घ्यावी लागते, कारण असा रस फार वेळ ठेवता येत नाही. मग मासा, कोळंबी आणि रस एकत्र येऊन वरच्या आचेखाली क्षणभर सोनेरी होतात. यात कुठेही चमत्कार नाही. मासा कालचा असेल, अर्क कमी आटला असेल, लोणी घाईने पडले असेल, तर खाणाऱ्याला पहिल्या घासात कळते. असा पदार्थ एकदा उत्तम करणे शक्य आहे. दशकानुदशके, वेगवेगळ्या हातांकडून, दुपारी आणि रात्री, तसाच करून घेणे हे उपाहारगृह चालवणाऱ्याचे खरे काम आहे.

मालक म्हणूनही पियेर यांनी घर वाढवण्याची घाई केली नाही. प्लास रूपवरचे जेवणाचे दालन लांबट आणि अरुंद. पुढे त्याला ब्रुसेल्सच्या आर नुव्हो शैलीची वळणदार सजावट मिळाली. स्वयंपाकघरातही टेबल मांडून काही गिऱ्हाइकांना चुलीशेजारी जेवायला बसवण्याची पद्धत या घराने रुजवली. आमच्या आठ टेबलांच्या जागेत स्वयंपाकघर आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये एक खिडकीच असते, त्यामुळे लपवायला काही नसणे म्हणजे काय याची मला कल्पना आहे. पण तीन ताऱ्यांच्या दडपणाखाली तो दरवाजा स्वतःहून उघडणे हे धैर्याचेच होते.

या इतिहासात एका गोष्टीकडे लक्ष द्यावे असे मला फार वाटते. ताऱ्यांच्या बातम्यांमध्ये नावे पुरुषांची येतात, पण हे घर एका पिढीकडून दुसरीकडे गेले ते दोनदा मुलींमुळे: एकदा क्यूव्हेलिये यांच्या मुलीमुळे आणि एकदा पियेर यांची मुलगी लॉरान्स हिच्यामुळे. पियेर यांच्या काळात दालनाची बाजू त्यांच्या पत्नी मारी तेरेझ यांनी सांभाळली, पुढे ती लॉरान्स यांच्याकडे आली. गिऱ्हाइकाचे स्वागत, त्याला मागच्या वेळी काय आवडले याची आठवण, नोकरवर्गातली भांडणे, वाइनची बिले, या कामाला कोणी तारा देत नाही. ठाण्यातल्या जुन्या खानावळींमध्येही हेच दिसते. चव सासूकडून सुनेकडे जाते आणि पाटीवर नाव मात्र सासऱ्यांचे राहते.

2006 मध्ये जावई लिओनेल रिगोले यांच्याकडे सूत्रे जात असतानाच मार्गदर्शिकेने एक तारा काढला. वृत्तपत्रांसाठी ती मोठी बातमी होती. मला त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेवर बोलायचा अधिकार नाही, पण त्यानंतर घर बंद झाले नाही, दोन ताऱ्यांचे उपाहारगृह म्हणून ते त्याच चौकात चालू राहिले आणि सोल मासाही राहिला, हे मला महत्त्वाचे वाटते. पिढी बदलताना एक पायरी खाली यावे लागले तर ते सोसण्याची ताकद चुलीत असावी लागते.

घराण्याबाहेर वारसा देण्याचे उदाहरणही बेल्जियममध्येच आहे. पीटर गोसेन्स यांनी 1987 मध्ये पूर्व फ्लँडर्समधल्या एका शेतघरात ‘हॉफ व्हान क्लेव्हे’ सुरू केले. त्यांना पहिला तारा 1994 मध्ये, दुसरा 1998 मध्ये आणि तिसरा 2005 मध्ये मिळाला. म्हणजे तिसऱ्यापर्यंत पोहोचायला अठरा वर्षे लागली, आणि तीही शहरापासून दूर, शेतांच्या मध्ये, आसपासच्या शेतमालावर आणि उत्तर समुद्राच्या माशांवर विसंबून. 2023 च्या अखेरीस ते बाजूला झाले आणि त्यांच्याच स्वयंपाकघरात तयार झालेल्या फ्लोरिस व्हान डेर व्हेकेन यांच्याकडे त्यांनी घर सोपवले. रक्ताचे नाते नसताना, आपल्या हाताखाली उभ्या राहिलेल्या माणसावर विश्वास टाकायला वेगळे मन लागते, आणि तो विश्वास लायक ठरावा म्हणून त्या माणसाला आधी अनेक वर्षे शिकवावे लागते.

ठाण्यात हे शिकवणे फार कमी होते, याची मला काळजी वाटते. गोखले रस्त्यावर आणि राम मारुती रस्त्यावर दर वर्षी नव्या पाट्या लागतात आणि उतरतात. जागेचे भाडे, करार संपल्यावर मालकाने मागितलेली वाढ, आचारी दुसरीकडे गेला की बदललेली चव, ही कारणे खरी आहेत. तरीही तहसील कचेरीजवळची मिसळ कित्येक दशके आपले गिऱ्हाईक राखून आहे, म्हणजे आपल्या शहरातही हे जमते.

करंदी बाजारात चांगली मिळते तेव्हा आम्ही घरच्यांसाठी लेपेचे काप आणि करंदी घेऊन त्या रसाचा प्रयत्न करतो. लेप ही सोलच्याच जातकुळीतली चपटी मासळी असल्याने ती रसाला शोभते. गिऱ्हाइकांसाठी तो पदार्थ नाही. त्यांच्यासाठी सध्या वेगळे काम हाती घेतले आहे. सासूबाईंच्या कोळंबीच्या खिचडीचा आणि वालाच्या बिरड्याचा मसाला तराजूवर मोजून, वहीत ग्रॅममध्ये लिहायचा आहे, कारण आमची मुलगी या व्यवसायात येणार नाही असे तिने सांगितले आहे आणि आमच्याकडे कामाला असलेली एक मुलगी मात्र मन लावून शिकते आहे. सासूबाई मूठभर म्हणतात तेव्हा दर वेळी तराजूवर आकडा थोडा वेगळा येतो, आणि त्यांच्या मते तो वेगळाच यायला हवा, कारण पावसाळ्यातले धणे आणि उन्हाळ्यातले धणे सारखे नसतात. म्हणून वहीत आता प्रत्येक मसाल्याच्या दोन ओळी आहेत, आणि ती मुलगी दोन्ही ओळींनी करून सासूबाईंना चाखायला देते.